झऱ्याच्या ओढ्यावर ट्राउट: फ्लाय टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर

मॅडिसन, शिकागो, मिनीॲपोलिस या भागातली आपली बरीच मंडळी आता फ्लाय फिशिंगकडे, म्हणजे गळावर बांधलेली किड्याची नक्कल (फ्लाय) टाकून मासे धरण्याकडे वळली आहेत. नैऋत्य विस्कॉन्सिनमधला ड्रिफ्टलेस नावाचा डोंगराळ मुलूख तिथून दोन-चार तासांच्या आत आहे आणि तिथे ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचे ओढे शेकड्यांनी आहेत. परत आल्यावर मात्र बहुतेक जण एकच तक्रार करतात: "मासे डोळ्यांनी दिसतात, पण एकही लागत नाही." काय काय केलंत असं विचारलं, की सगळ्यांचा क्रमही एकच असतो. गाडीतून उतरलो, काठावर गेलो, छान जागा बघून उभे राहिलो आणि टाकायला सुरुवात केली.

चूक या क्रमातच आहे. टाकण्याची कला कच्ची असली तरी झऱ्याच्या ओढ्यावर मासा मिळतो. काठावर कसं जायचं हे ठाऊक नसेल, तर कितीही सुंदर टाका, मिळत नाही. म्हणून या लेखात टाकण्याआधीच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

आधी पाण्याबद्दल थोडं. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा प्रदेश घासून सपाट केला, पण हा भाग त्यांच्याखाली आला नाही. खोल दऱ्या तशाच राहिल्या आणि दऱ्यांच्या तळाशी चुनखडी व डोलोमाइटच्या खडकांतून झरे फुटतात. झऱ्यातून बाहेर पडणारं पाणी बारा महिने साधारण ९ ते १० अंश सेल्सिअस असतं. हिवाळ्यात ते गोठत नाही आणि उन्हाळ्यात फारसं तापत नाही. खडकातून विरघळून आलेल्या चुन्यामुळे पाणवनस्पती, किडे आणि कोळंबीसारखे बारीक जीव त्यात भरपूर वाढतात. थोडक्यात, माशाचं पोट भरलेलं असतं, पाणी काचेसारखं नितळ असतं, आणि समोर आलेली वस्तू निरखायला त्याच्याकडे वेळही असतो.

कोकणात वहाळावर गरी टाकत जे मोठे झाले, त्यांना इथे एक सवय मोडावी लागते. तिथे आपण गांडूळ लावून एका जागी बसतो आणि वासाने मासा येतो. इथे उलटं आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि खाणं वाहत त्याच्याकडे येतं. तो फ्लायकडे चालून येणार नाही. त्याच्या तोंडासमोरून खाण्याची जी धार वाहते, त्या बरोब्बर धारेत फ्लाय सोडावी लागते. पुढचा प्रत्येक टप्पा याच एका गोष्टीसाठी आहे.

टप्पा १: परवाना, हंगाम आणि वाट

विस्कॉन्सिनमध्ये १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. ओढ्यातल्या ट्राउटसाठी त्यावर ट्राउटचा वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, आणि नवखे नेमकं हेच विसरतात. वार्षिक परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा असतो. मार्चमध्ये नवा घेताना कोणत्या वर्षाचा मिळतोय ते नीट बघा.

हंगाम दोन आहेत. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो तो पकडून सोडून देण्याचा हंगाम. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून मुख्य हंगाम लागतो आणि तो १५ ऑक्टोबरला संपतो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या ट्राउट नकाशावर ओढ्यांना हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग दिलेले असतात. लाल रंग असेल तिथे विशेष नियम लागू असतात. एकाच ओढ्याचे दोन भाग दोन रंगांचेही असू शकतात, म्हणून नुसतं ओढ्याचं नाव बघू नका, पूल ते पूल असा नेमका भाग बघा.

जमीन बहुतेक शेतकऱ्यांची आहे. सरकारने मासेमारीसाठी हक्क घेतलेल्या जागी पाट्या असतात आणि कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्याही असतात. इतरत्र नियम असा: सार्वजनिक जागेवरून, म्हणजे उदाहरणार्थ रस्त्याच्या पुलावरून, पाण्यात उतरलात तर पाण्यातून चालत जाता येतं, पण पाय पाण्यातच राहिले पाहिजेत. आडवं पडलेलं झाड, तारेचं कुंपण असा अडथळा चुकवण्यापुरतंच काठावर यायचं.

पहिल्या वर्षी एकच ओढा धरा. मॅडिसनकरांना ब्लॅक अर्थ क्रीक किंवा माउंट व्हर्नन क्रीक जवळ पडतो. वेस्टबी-व्हिरोक्वाकडे जाणार असाल तर टिंबर कूली आणि किकापू नदीचा पश्चिम फाटा आहेत. दर वेळी नवा ओढा गाठणाऱ्यांपेक्षा एकाच ओढ्यावर सहा वेळा जाणारे लवकर शिकतात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

इशारा: गुरांच्या कुरणातलं फाटक जसं असेल तसंच ठेवा. बंद असेल तर मागे बंद करा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या. तारेत वीज असू शकते, म्हणून रॉड तिला टेकवू नका.

टप्पा २: रॉड, लाइन आणि लीडरची साखळी

साडेआठ फुटी, चार वजनाचा (हा लाइनचा क्रमांक, किलो-पौंड नव्हे) रॉड आणि त्याच वजनाची तरंगणारी लाइन या सगळ्या ओढ्यांना पुरते. रीलवर फार पैसे घालू नका. इथे रील मुख्यतः लाइन गुंडाळून ठेवण्याच्या कामाची. तो पैसा पोलराइज्ड चष्म्याला घाला, कारण पाण्यावरची चकाकी गेली नाही तर मासा दिसणारच नाही.

खरी काळजी घ्यायची ती लाइनच्या टोकाची. लाइन जाड आणि रंगीत असते. तिच्यापुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर आणि त्याच्या टोकाला बारीक टिपेट. दुकानातून ९ फुटी, ५ एक्स जाडीचा लीडर आणा आणि त्याला ६ एक्स टिपेटचा साधारण ६० सेंटीमीटरचा तुकडा सर्जन्स नॉटने जोडा. एक्सचा आकडा जितका मोठा, तितका धागा बारीक. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला, की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५ एक्स सहा हजारांश, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. ६ एक्स पाच हजारांश, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आसपास.

फ्लायशी मेळ घालायचा सोपा हिशेब असा: फ्लायच्या गळाच्या नंबराला तीनने भागा. १८ नंबरला ६ एक्स, १४-१६ ला ५ एक्स. गळाचा नंबर मोठा म्हणजे गळ लहान, हेही एकदा पक्कं करून घ्या. टिपेट जाड झालं तर लहान फ्लाय ताठ वाहते. फार बारीक झालं तर मोठी फ्लाय हवेत गरगरते आणि धाग्याला पीळ पडतो.

फ्लाय बांधायला इम्प्रूव्ह्ड क्लिंच गाठ पुरे: पाच वेढे घालायचे, गाठ थुंकीने ओली करायची आणि मग सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाने धागा कमजोर होतो आणि मोठा मासा तिथेच तोडून जातो.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करा. मासा सोडणं सोपं होतं आणि स्वतःच्या कानात रुतला तर काढणंही.

तपासणी: फ्लाय बांधली की गळ कशात तरी अडकवून हळूहळू ओढा. जोडावरची गाठही तपासा. गाठ सुटायचीच असेल तर घरी सुटलेली बरी.

निघण्याच्या आठवड्यात घरामागच्या हिरवळीवर सराव करा, पण उभं राहून नव्हे, गुडघ्यावर बसून. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. सात मीटरवर एक ताटली ठेवा आणि दहापैकी सहा वेळा तो तुकडा तिच्याजवळ पडेपर्यंत थांबू नका. लांब टाकण्याचा सराव इथे कामाचा नाही. जवळजवळ सगळे मासे सहा ते नऊ मीटरवरच पकडायचे आहेत.

टप्पा ३: डबीत काय असावं

दुकानातल्या भिंतीवर शेकडो फ्लाय दिसतात आणि माणूस गोंधळतो. तुम्हाला सुरुवातीला दहा प्रकार पुरतात. प्रत्येकाच्या तीन-तीन घ्या, कारण झाडांना काही द्याव्याच लागतात.

वर्षभर चालणाऱ्या, पाण्याखालच्या: राखाडी आणि नारिंगी स्कड (कोळंबीसारख्या जीवाची नक्कल), फेझंट टेल निंफ (पाण्यात वाढणाऱ्या, पंख न फुटलेल्या किड्याची नक्कल) १६ आणि १८ नंबर. पाण्यावरच्या: पॅराशूट ॲडम्स १६ आणि १८, एल्क हेअर कॅडिस १६, ग्रिफिथ्स नॅट २० आणि फोमचा काळा भुंगेरा १४.

बाकीचं महिन्यावर. हिवाळ्यात मिज, म्हणजे चिलटाएवढे किडे. एप्रिलमध्ये ढगाळ दुपारी ब्लू विंग्ड ऑलिव्ह या बारीक मेफ्लाय (पाण्यातून निघणारे नाजूक पंखांचे खरे किडे) निघतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा येतात. एप्रिलच्या शेवटाकडे कॅडिस, म्हणजे पतंगासारखे किडे. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत संध्याकाळी फिकट पिवळ्या सल्फर. जुलैच्या अखेरीपासून सकाळी सकाळी ट्रायको, इतक्या बारीक की २२ नंबरची फ्लाय लागते. ऑगस्टमध्ये काठाच्या गवतातून नाकतोडे पाण्यात पडतात आणि नवख्यांसाठी तोच सगळ्यात सोपा महिना.

शेवटी थर्मामीटर टाका खिशात. कारण टप्पा ५ मध्ये येईल.

टप्पा ४: गाडीपासून पाण्यापर्यंत

इथेच सगळं हातातून जातं, म्हणून सविस्तर.

ट्राउटला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला खालून आरशासारखा दिसतो. या खिडकीची रुंदी मासा जितका खोल असेल त्याच्या सव्वादोन पट. म्हणजे ३० सेंटीमीटर खोलीवरच्या माशाची खिडकी जेमतेम ७० सेंटीमीटर. त्या लहान खिडकीत काठ, झाडं, आभाळ सगळं कोंबलेलं असतं. क्षितिजाजवळच्या गोष्टी कडेला चेपून इतक्या पुसट होतात, की पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खाली असलेलं त्याला जवळपास दिसत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ मोजून बघा. नऊ मीटर अंतरावर १० अंश म्हणजे पाण्यापासून सुमारे दीड मीटर उंची. काठ अर्धा मीटर उंच असेल तर तुमच्या वाट्याला एकच मीटर उरतो. म्हणजे गुडघ्यावर बसलात तर तुम्ही नाहीच, उभे राहिलात तर डोकं, खांदे, हात आणि हलणारा रॉड सगळं दिसलं. अंतर निम्मं केलंत तर लपायची उंचीही निम्मी झाली. म्हणून जवळ जाताना वाकायचं, आणखी जवळ जायचं असेल तर अक्षरशः रांगायचं. लोकांना याची लाज वाटते. मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कुरणातून रांगताना पाहिलं, तेव्हा तो काही न बोलता नुसती मान हलवून गेला. त्या दिवशी मला सात मासे मिळाले होते.

आता क्रमाने:

१. गाडी पुलाजवळ उभी केलीत तर पुलावरून वाकून पाण्यात बघू नका. पुलाखालचा डोह हा पहिला डोह आहे, तो वाया घालवू नका.

२. काठाकाठाने चालू नका. काठापासून दहा-पंधरा मीटर आत, गवतातून, प्रवाहाच्या खालच्या दिशेला जा आणि मग मासेमारी करत वर या. मासा वरच्या बाजूला तोंड करून असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीमागून येता.

३. सूर्य कुठे आहे बघा. तुमची किंवा रॉडची सावली पाण्यावर पडली की तो डोह अर्धा तास विसरा.

४. पाय आपटू नका. काठाची माती थरथरली की माशाला अंगावरच्या रेषेतून ते जाणवतं. या भागात बऱ्याच ओढ्यांवर काठाखाली लाकडी फळ्यांचे पोकळ मंच बसवलेले आहेत, वरून माती आणि गवत. मोठे ब्राउन ट्राउट त्यांच्याच सावलीत असतात. तुम्ही ज्या गवतावर पाय ठेवता, त्याच्या बरोबर खाली मासा असू शकतो.

५. कपडे गवताच्या आणि मातीच्या रंगाचे. पांढरी टोपी, चमकणारं घड्याळ नको.

६. पाण्यात उतरणं हा शेवटचा पर्याय. गुडघाभर पाण्यातून चाललात की लाटा आणि गाळ पुढे जातात आणि वरच्या वीस मीटरमधल्या प्रत्येक माशाला बातमी मिळते.

इशारा: लांब पँट घाला आणि तिचं टोक मोज्यात खोचा. या गवतात गोचीड असतात आणि लाइम रोग इथे खरोखर होतो. घरी गेल्यावर अंग तपासा. जून-जुलैत पिवळ्या छत्रीसारख्या फुलांचं, कमरेएवढं वाढलेलं रान पार्सनिप दिसलं तर त्याला उघडी कातडी लागू देऊ नका. त्याच्या चिकावर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. आणि दऱ्या उभ्या असल्यामुळे वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला तर ओढा बघता बघता चढतो. गडगडाट ऐकलात की रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून दूर, गाडीत जाऊन बसा.

टप्पा ५: दहा मिनिटं नुसतं बसणं

डोहाच्या शेपटीपासून, म्हणजे खालच्या टोकापासून थोडं दूर, झुडपाला पाठ देऊन बसा. झुडपामागे लपलात तर तुम्हालाच दिसणार नाही. झुडपाच्या पुढे बसलात तर तुमची आकृती त्यात मिसळून जाते.

आधी तापमान घ्या. पाणी २० अंशांवर गेलं असेल तर त्या दिवशी ट्राउट पकडू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंज दिलेला मासा पोहत गेल्यासारखा वाटला, तरी नंतर मरतो. जुलैच्या कडक दुपारी झऱ्यापासून लांबच्या भागात हे घडतं. अशा वेळी पहाटे जा किंवा झऱ्याच्या जवळचा भाग धरा.

मग पाणी वाचा. डोहाच्या डोक्याशी खळाळ असतो. तिथून पाणी डोहात शिरताना फेसाची एक रेघ तयार होते आणि ती डोहातून वळणं घेत खाली येते. फेस जिथून वाहतो तिथूनच किडे वाहतात. मासे त्या रेघेत किंवा तिच्या अगदी कडेला असतात. पाणवनस्पतींच्या दोन पुंजक्यांमधली वाट, काठाखालची कपार, बुडालेल्या ओंडक्याच्या पुढची जागा, या बाकीच्या जागा.

मासा शोधताना मासा शोधू नका. सावली शोधा, तळावर हलणारी. शेपटीची एक हालचाल, किंवा तोंड उघडल्यावर क्षणभर चमकणारा पांढरा ठिपका. एक दिसला की डोळे सरावतात आणि मग तीन-चार दिसू लागतात.

वर येऊन खाणारा मासा असेल तर वलयं वाचायची. हे शिकलात की अर्धं काम झालं. नाक वर येऊन बारीक वलय उठलं आणि मागे एक बुडबुडा राहिला, तर त्याने पृष्ठभागावरचाच किडा टिपला, कारण किड्याबरोबर हवाही गिळली आणि ती गेली कल्ल्यांतून बाहेर. पाठ आणि शेपूट दिसली, पण बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या लगेच खाली, कोषातून बाहेर पडू पाहणारा किडा खातो आहे. पाणी उडालं, आवाज झाला, तर बहुधा कॅडिस, कारण ती झटकन उडते आणि माशाला घाई करावी लागते.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या प्रकारात होते. वलय दिसतं, वर किडे उडताना दिसतात, म्हणून ते तरंगणारी फ्लाय तासभर टाकत राहतात. मासा मात्र एक इंच खाली खातो आहे.

तपासणी: एक मासा निवडा. तो किती सेकंदांनी वर येतो, मोजा. तो नेमका कोणत्या खुणेपाशी येतो (दगड, गवताचं पातं) ते ठरवा. हे दोन्ही सांगता येत नसेल तर अजून पाच मिनिटं बसा.

टप्पा ६: फ्लाय निवडणं

पाण्यातून एक दगड हळूच उचला आणि उलटा करा. खाली काय चिकटलंय ते बघा: आकार आधी, रंग नंतर. वाहत आलेला किडा तळहातावर घ्या आणि डबीतल्या फ्लायच्या शेजारी धरा. तुम्हाला वाटतो त्यापेक्षा किडा लहान निघतो. शंका असेल तर एक नंबर लहान फ्लाय घ्या.

पृष्ठभागाखाली खाणाऱ्या माशासाठी एक साधी युक्ती: पॅराशूट ॲडम्सची शेपटी आणि पोट पाण्यात बुडेल असं ठेवा, फ्लाय तरंगत ठेवणारा लेप फक्त वरच्या पांढऱ्या तुऱ्याला लावा. किंवा फेझंट टेल निंफ लीडरला ग्रीस लावून पृष्ठभागालगत वाहू द्या.

काहीच वर येत नसेल तर स्कड. टिपेटवर शिसं नसलेलं लहानसं वजन, आणि पाण्याच्या खोलीच्या दीडपट वर लहान तरंगती खूण. फ्लाय अधूनमधून तळाला किंवा शेवाळाला लागत नसेल तर ती माशाच्या वरून चालली आहे. वजन वाढवा.

टप्पा ७: टाकणं

डोहात तीन मासे दिसत असतील तर सगळ्यात खालचा, म्हणजे तुमच्या जवळचा आधी. मोठा वरच्या बाजूला आहे म्हणून लोक त्याच्यावर टाकतात, लाइन खालच्या दोघांच्या डोक्यावर पडते, ते घाबरून वर पळतात आणि मोठ्याला घेऊन जातात.

गुडघ्यावरच राहा. रॉड डोक्यावरून उभा न फिरवता बाजूने, आडवा फिरवा. हवेत लाइन पुढे-मागे फिरवायची असेल तर माशाच्या बाजूला फिरवा, शेवटची एकच त्याच्याकडे. माशावरून गेलेली लाइन म्हणजे त्याच्यासाठी डोक्यावरून गेलेला पक्षी.

फ्लाय माशाच्या ६० ते ९० सेंटीमीटर पुढे, म्हणजे वरच्या बाजूला पडली पाहिजे. मासा पृष्ठभागाजवळ असेल तर त्याची खिडकी लहान असते, मग हातभर बाजूला पडलेली फ्लाय त्याला दिसतच नाही. खोल असेल तर खिडकी मोठी, थोडी सूट मिळते. म्हणून वरवर खाणारा मासा सोपा वाटतो, पण नेमकेपणा तिथेच जास्त लागतो.

शेवटच्या फेकीत रॉड पुढे येत असतानाच हात वरच्या प्रवाहाच्या बाजूला वाकवा. लाइन तिरकी, थोडी सैल पडते. याला रीच कास्ट म्हणतात. एवढी एक फेक आली तरी झऱ्याच्या ओढ्यावर निभतं.

चुकीचं पडलं तर लगेच उचलू नका. फ्लाय माशाच्या मागे एक-दोन मीटर जाऊ द्या, मग हळूच उचला. घाबरून खस्सकन ओढलेल्या लाइनीचा आवाज चुकलेल्या फेकीपेक्षा जास्त नुकसान करतो.

टप्पा ८: वाहणं

माझ्या मते सगळ्यात जास्त मासे याच टप्प्यावर नाकारतात. किडा धारेबरोबर मोकळा वाहतो. तुमची फ्लाय मात्र धाग्याला बांधलेली. मधली धार वेगवान असेल तर ती लाइनचं पोट खाली ओढते आणि फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने सरकते. याला ड्रॅग म्हणतात. फ्लायमागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उमटली तर ती तुम्हालाही दिसते. पण झऱ्याच्या संथ पाण्यावर त्याहून बारीक ड्रॅग असतो, जो तुम्हाला दिसत नाही आणि माशाला दिसतो.

ओळखायचं कसं? फ्लायच्या शेजारी वाहणारा एक बुडबुडा धरा आणि दोघांकडे एकाच वेळी बघा. ती त्याच्या पुढे गेली, मागे राहिली किंवा बाजूला सरकली, तर ड्रॅग आहे. दोघं जोडीने माशापर्यंत गेली, तर वाहणं बरोबर.

उपाय चार, या क्रमाने करून बघा: जागा बदला, म्हणजे तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये वेगळ्या वेगाच्या कमीत कमी धारा येतील. लाइन पाण्यावर पडताच रॉडने तिचं पोट उचलून वरच्या बाजूला ठेवा. टिपेट ३० सेंटीमीटरने वाढवा. आणि शेवटी फ्लाय बदला. लोक चौथ्यापासून सुरुवात करतात. डबीतल्या सगळ्या फ्लाय बदलून झाल्या, तरी जागा तीच असते.

तीन चांगल्या वाहण्यांनंतरही माशाने घेतली नाही, तर थांबा. त्याला पाच मिनिटं मोकळं खाऊ द्या. तो परत त्याच तालात वर येऊ लागला की मग पुन्हा. न थांबता तीस वेळा टाकलेला मासा खाणं थांबवून तळाशी बसतो.

टप्पा ९: लागल्यावर

फ्लाय दिसेनाशी झाली की झटका देऊ नका. मोठा ब्राउन ट्राउट सावकाश तोंड उघडतो आणि सावकाश मिटतो. लगेच ओढलीत तर उघड्या तोंडातून ती बाहेर येते. तोंड खाली जाईपर्यंत थांबा आणि रॉडचं टोक शांतपणे उचला, फोनचा रिसीव्हर उचलावा इतकंच. पाण्याखालच्या निंफला मात्र उलट: खूण जरा अडखळली की लगेच, कारण खोटं आहे हे कळल्यावर तो ती थुंकून टाकतो.

मासा शेवाळात शिरायला बघतो. रॉड आडवा, पाण्याला समांतर धरा आणि तो जाईल त्याच्या विरुद्ध बाजूला वळवा. उभा रॉड त्याचं डोकं फक्त वर उचलतो, आडवा रॉड त्याचा तोल घालवतो. ६ एक्सवर जोर लावायला लोक घाबरतात आणि दहा मिनिटं खेळवत बसतात. दमून अर्धमेला झालेला मासा सोडून उपयोग काय? शक्य तितक्या लवकर जाळीत घ्या.

जाळी रबराची हवी, दोऱ्याच्या जाळीने खवल्यांवरचा बुळबुळीत थर निघतो. हात आधी पाण्यात ओले करा. गळ चिमट्याने, मासा पाण्यातच ठेवून काढा. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा उचला आणि दहा सेकंदांत परत पाण्यात. मग त्याला तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात धरा. ढकलू नका, तो स्वतः निघून जाईल.

तपासणी: सोडल्यावर फ्लाय झटकून वाळवा, लेप पुन्हा लावा आणि शेवटचे ३० सेंटीमीटर टिपेट नखांमधून ओढून बघा. खरखरीत लागलं तर कापून नवं जोडा.

टप्पा १०: परत निघताना

२०१३ साली ब्लॅक अर्थ क्रीकमध्ये न्यूझीलंड मडस्नेल ही परदेशी गोगलगाय सापडली. ती काही मिलिमीटरचीच असते, बुटांच्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते आणि एकटीही प्रजा वाढवू शकते. मासे तिला खातात, पण पुष्कळदा ती न पचता बाहेर पडते. म्हणून ओढ्याच्या काठावरच बूट, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) आणि जाळी ब्रशने घासून चिखल आणि शेवाळ काढा, लेस आणि जिभेच्या आतलं विसरू नका. घरी बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पूर्ण वाळवा. एकाच दिवशी दोन ओढ्यांवर जायचं असेल तर बुटांच्या दोन जोड्या न्या.